हेडलाईट मंद, पावसात फ्यूज उडतो, बॅटरी बसते: जुन्या एमजीबीच्या वायरिंगचा कायमचा बंदोबस्त

लक्षणं आधी सांगतो. साठ-सत्तरच्या दशकातली ब्रिटिश गाडी ज्याच्या दारात आहे, त्याला ती लगेच ओळखीची वाटतील. हेडलाईट लावले की उजेड मेणबत्तीसारखा पिवळा. ब्रेकवर पाय ठेवला की आणखी मंद. इंडिकेटर दिला की टिक-टिक रेंगाळते आणि त्याच बाजूचा साईड लाईटही सोबत लुकलुकायला लागतो. टाकी अर्धी असताना पेट्रोलचा काटा पाऊण दाखवतो. जून उजाडला की एक ठराविक फ्यूज उडायला लागतो, आणि गणपती येईपर्यंत बॅटरी एकदा तरी पूर्ण बसते.

गाडी पार्ल्याच्या एका मित्राची: १९६७ सालची एमजीबी रोडस्टर, पॉझिटिव्ह अर्थ (म्हणजे बॅटरीची पॉझिटिव्ह खुंटी बॉडीला जोडलेली), डायनॅमोवाली (डायनॅमो म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जुना जनरेटर), बिल्डिंगच्या स्टिल्टखाली उभी. दर पावसाळ्यात हेच रडगाणं आणि दर वेळी उपाय ठरलेला: नवी बॅटरी. त्यानंतर फ्यूज बदलायचा, तो उडाला की जाड फ्यूज लावायचा, तोही उडाला की कुठल्यातरी गॅरेजवाल्याने सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून द्यायची. दोन महिने गाडी चालते, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू.

"सगळं वायरिंग उपटून नवं टाकूया का?" असं मित्राने विचारलं, तेव्हा मी नको म्हणालो. आजही माझं मत तेच आहे. या गाड्यांमध्ये तांबं सहसा खराब झालेलं नसतं. खराब झालेले असतात ते जोड, अर्थिंग (म्हणजे बॉडीतून बॅटरीकडे करंट परत नेणारी वाट) आणि स्विचचे काँटॅक्ट. अख्खा हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, बदलून जुन्याच गंजलेल्या बोल्टला अर्थ दिला, तर खिसा रिकामा होईल आणि उजेड तेवढाच राहील. शिवाय नव्या हार्नेसमध्येही हेडलाईटचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधूनच फिरून येणार, कारण मूळ आराखडाच तसा आहे. या गाड्यांचं विजेचं सामान बनवणाऱ्या लुकास कंपनीला लोक चेष्टेने 'अंधाराचा राजपुत्र' म्हणतात, पण पंचावन्न वर्षं मुंबईच्या खाऱ्या हवेत काढल्यावर कुठल्याही कंपनीचा पितळी जोड हिरवा पडणारच.

आधी मोजा, मग हात घाला

या कामाला महागडं काही लागत नाही. साधा डिजिटल मल्टीमीटर, तीन-चार मीटर लांब जादा वायर आणि दोन क्रोकोडाइल क्लिपा पुरेत. लांब वायर अशासाठी की एमजीबीच्या बॅटऱ्या सीटच्या मागे, फरशीखाली असतात आणि हेडलाईट पार दुसऱ्या टोकाला.

हेडलाईट लावा, इंजिन बंद ठेवा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या खुंटीवर धरा. क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खुंटीवरच, कारण कधीकधी या दोघांमध्येच अर्धा व्होल्ट हरवलेला सापडतो. आधी बॅटरीचं व्होल्टेज घ्या, मग बल्बच्या मागच्या दोन पिनांमधलं. मित्राच्या गाडीत बॅटरीवर १२.३ होतं आणि बल्बवर ९.७. म्हणजे २.६ व्होल्ट वाटेतच गडप. हॅलोजन आणि जुन्या सील्ड बीमचा (बल्ब, काच आणि रिफ्लेक्टर एकसंध असलेला दिवा) स्वभाव असा आहे की व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटलं की उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो, आणि वीस टक्क्यांनी घटलं की निम्म्यावर येतो. "रिफ्लेक्टर उतरला असेल, नवीन दिवे टाकतो" असं तो म्हणत होता. रिफ्लेक्टरला काही झालेलं नव्हतं.

आता हे २.६ कुठे गेले ते शोधायचं. मीटरचं एक टोक बॅटरीच्या गरम बाजूच्या खुंटीवर ठेवा, म्हणजे बॉडीला न जोडलेल्या खुंटीवर, आणि दुसरं बल्बच्या फीड पिनवर. इथे जो आकडा दिसेल तो जाणाऱ्या वाटेवरचा तोटा. मग एक टोक बॅटरीच्या अर्थ खुंटीवर आणि दुसरं बल्बच्या काळ्या वायरीच्या पिनवर. हा परतीचा तोटा. पॉझिटिव्ह अर्थ गाडीत मीटर वजा चिन्ह दाखवेल, तिकडे लक्ष देऊ नका, आकडा पाहा. आमच्याकडे जाताना १.६ गेले आणि परत येताना १.०. परतीचा तोटा ०.२ च्या वर असेल तर अर्थिंग बिघडलंय असं बिनदिक्कत समजा. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत बसलं पाहिजे.

हीच चाचणी अप्पर आणि डिप्पर दोन्हींवर करा. एकावर तोटा जास्त आणि दुसऱ्यावर कमी निघाला तर दोष अप्पर-डिप्पर बदलणाऱ्या डिप स्विचमध्ये किंवा त्यापुढच्या जोडात आहे. दोन्हींवर सारखाच असेल तर दोष त्याच्या मागे, मुख्य स्विचकडे किंवा अर्थमध्ये.

परतीची वाट

वायरमन मंडळी जाणारी वायर तपासतात आणि परतीची विसरतात. एमजीबीत पुढच्या दिव्यांच्या काळ्या वायरी ग्रिलच्या मागे बुलेट कनेक्टरमध्ये एकत्र येतात. रबरी नळीत बसवलेली पत्र्याची पुंगळी, त्यात दोन्ही बाजूंनी घुसलेल्या ४.७ मिमीच्या पितळी गोळ्या. रबर मागे सरकवलं तर आतली पुंगळी तपकिरी झालेली, एका गोळीवर हिरवा फेस, आणि वायर हलकेच ओढली तर ती गोळीतून सुटून हातात आली. चार-पाच धागेच काय ते उरले होते. हेडलाईट, साईड लाईट आणि इंडिकेटर यांचा परतीचा करंट याच एका पुंगळीतून जात होता. इंडिकेटरबरोबर साईड लाईट का लुकलुकायचा, ते यातच आलं. सामाईक अर्थ कमजोर झाला की एकाचा करंट घरी जायला दुसऱ्याच्या बल्बमधून वाट काढतो.

तिथून पुढे अर्थची थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाची कडी, मडगार्डच्या आतल्या पत्र्याला बोल्टने बसवलेली. बोल्ट घट्ट होता, थिंबल चकचकीत होती, पण गाडीला पूर्वी कधीतरी रंग मारलेला आणि थिंबल बसवली ती त्या रंगावरच. रंग हा इन्सुलेटर. बोल्टच्या आट्यांमधून जेवढा करंट जाईल तेवढाच जायचा. थिंबलच्या आकाराचा गोल काच पेपरने घासून लोखंड पांढरं काढलं, दातेरी वॉशर घातला, बोल्ट आवळला आणि वरून पेट्रोलियम जेली चोपडली. जेली आवळल्यानंतर, वरून. परतीचा तोटा १.० वरून ०.१५ वर आला, एक पैचाही नवीन भाग न आणता.

इंजिन आणि बॉडी यांच्यामधली विणीची पट्टी जरूर पाहा. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे सेल्फचा सगळा करंट या पट्टीतून परततो. ती तुटली किंवा इंजिन उतरवल्यावर कोणी परत लावायला विसरला, तर करंट मिळेल ती वाट धरतो: चोकची केबल, ॲक्सिलरेटरची केबल. सेल्फ मारून लगेच चोकच्या केबलला हात लावून पाहा. गरम लागली तर पट्टी बदला, आणि तोवर सेल्फ मारू नका. असल्या केबलचं आवरण वितळून गाडीतून धूर निघाल्याची उदाहरणं आहेत.

पेट्रोलचा काटा जास्त दाखवतो, तेही याच जातीचं दुखणं. डॅशबोर्डमागे एक छोटा डबीसारखा व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो. तो काट्याला सरासरी १० व्होल्ट देतो, आणि त्याचा अर्थ त्याच्या पत्र्याच्या डबीतून जातो. डबीचा स्क्रू ढिला झाला किंवा गंजला की आतली पट्टी तापत नाही, काँटॅक्ट उघडत नाहीत आणि काट्याला पूर्ण बारा व्होल्ट मिळतात. मग टाकी भरल्यासारखी दिसते आणि गाडी सी लिंकवर बंद पडते. स्क्रू काढा, घासा, आवळा. बस्स.

उडणारा फ्यूज

१९६७ च्या एमजीबीत फ्यूज फक्त दोन. एकावर जांभळ्या वायरी, म्हणजे हॉर्न आणि आतला दिवा. दुसऱ्यावर हिरव्या, म्हणजे वायपर, ब्रेक लाईट, इंडिकेटर, पेट्रोलचा काटा, हीटरचा पंखा. दोन्ही ३५ ॲम्पियरचे लिहिलेले. इथे एक मेख आहे. लुकासचा ३५ हा आकडा उडण्याचा आहे, सतत वाहण्याचा नाही. सतत तो १७ ॲम्पियरच पेलतो. म्हणून जुन्या काचेच्या जागी नवीन ब्लेड फ्यूज लावताना आकडा जुळवून ३०-३५ चा लावला, तर फ्यूज शाबूत राहील आणि वायर जळेल. १५ किंवा २० चा लावायचा.

रंग एकदा डोक्यात बसले की अर्धं काम झालं. ब्राऊन म्हणजे बॅटरीतून थेट, कायम जिवंत, फ्यूजशिवाय. पांढरी म्हणजे चावी फिरवल्यावर, तीही फ्यूजशिवाय. हिरवी म्हणजे पांढरीच, पण फ्यूजमधून आलेली. जांभळी म्हणजे ब्राऊनच, फ्यूजमधून आलेली. लाल साईड आणि टेल लाईटची, निळी हेडलाईटची, काळी अर्थची. दोन रंगांची वायर असेल तर पट्टी सांगते की ती स्विचच्या पुढची आहे: हिरवी-जांभळी ब्रेक लाईटची, निळी-पांढरी अप्परची, निळी-लाल डिप्परची. अँबॅसडरवर हात बसलेल्या जुन्या वायरमनला हे तोंडपाठ असतं. तरुण मुलांना नसतं, आणि ते चार फूट लाल वायर सगळीकडे वापरून मोकळे होतात.

आमचा हिरवा फ्यूज 'पावसात' उडायचा. बॉनेटमधून फ्यूज बॉक्सवर पाणी टपकत असेल, असा सगळ्यांचा अंदाज. पाणी टपकत होतंच, पण फ्यूजच्या क्लिपांवर पाणी पडल्याने ३५ चा फ्यूज उडत नाही. तेवढा करंट पाण्याच्या थेंबातून जात नाही. शोधायची रीत अशी: फ्यूज काढा आणि त्याच्या दोन क्लिपांमध्ये २१ वॉटचा साधा बल्ब होल्डरसकट जोडा. हिरव्या सर्किटवरचं सगळं बंद ठेवा, ब्रेक लाईटचे बल्ब काढून ठेवा, इग्निशन कॉइलची वायर सोडवून ठेवा म्हणजे इंजिन बंद असताना कॉइल तापणार नाही. आता चावी फिरवा. बल्ब विझलेला किंवा जेमतेम लाल दिसला पाहिजे. तो लख्ख पेटला तर शॉर्ट आहे, आणि बल्ब मध्ये असल्याने आणखी काही जळणार नाही. मग एकेक गोष्ट चालू करत, हार्नेस ठिकठिकाणी हलवत जायचं.

चावीवर बल्ब विझलेला. ब्रेक दाबला आणि बल्ब लख्ख. मागचे बल्ब तर काढलेले होते, म्हणजे हिरवी-जांभळी वायर वाटेत कुठेतरी बॉडीला लागलेली. डिकीत कार्पेट उचललं तर उंदरांनी इन्सुलेशन कुरतडून तांबं उघडं पाडलेलं, आणि तिथल्याच पत्र्यावर पाणी साचलं की वायर ओल्या कार्पेटखाली पत्र्याला चिकटायची. पावसात फ्यूज उडायचा त्याचं निम्मं कारण हे, आणि निम्मं कारण असं की पावसाच्या ट्रॅफिकमध्ये माणूस ब्रेकवरच असतो.

कुरतडलेला तुकडा कापून त्याच रंगाची वायर घातली. उंदरांवर माझ्याकडे रामबाण नाही. स्टिल्टखाली गाडी महिना-महिना झाकून ठेवाल तर ते येणारच. कव्हर दर आठवड्याला काढा, वारा लागू द्या, गाडी चालवा.

आता आधुनिकीकरण

दुरुस्ती झाल्यावर जाणाऱ्या वाटेचे १.६ व्होल्ट राहिलेच होते. ते कुठल्याही एका ठिकाणी नव्हते. ब्राऊन वायर, मुख्य स्विच, डिप स्विच, आणि पुन्हा पुढे दिव्यांपर्यंत येणारी निळी वायर, सगळीकडे थोडे-थोडे. ६० वॉटचे दोन बल्ब म्हणजे १० ॲम्पियर. १ चौरस मिमी तांब्याची वायर मीटरला साधारण १८ मिलीओहम, म्हणजे तीन मीटरमध्येच अर्धा व्होल्ट गेला. स्विचचे काँटॅक्ट वेगळेच.

इथे रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, कामाला येतो, आणि गाडीत एकच आधुनिक गोष्ट करायची असेल तर ती हीच करा. जुना स्विच आता दिव्याला करंट देत नाही, फक्त रिलेला निरोप देतो. रिलेची कॉइल जेमतेम ०.१५ ॲम्पियर घेते. त्यामुळे पन्नास वर्षांच्या स्विचचं आयुष्यही वाढतं. असे स्विच आता सहज मिळत नाहीत, हा मुद्दा लहान नाही.

चार पायांच्या साध्या रिलेत ३० ला फीड, ८७ ला दिवा, ८५ आणि ८६ ला कॉइल. डिप्परला एक, अप्परला एक. फीड सेल्फच्या सोलेनॉइडच्या (सेल्फला करंट जोडणाऱ्या जाड स्विचच्या) बॅटरीकडच्या बोल्टवरून घ्या, ४ चौरस मिमी वायरने, आणि बोल्टपासून वीतभर अंतराच्या आतच मुख्य फ्यूज लावा. रिलेच्या पुढे प्रत्येक फिलामेंटला वेगळा ब्लेड फ्यूज, १० ॲम्पियरचा, लाल रंगाचा. चार फ्यूज म्हणजे पसारा वाटेल. पण ईस्टर्न फ्रीवेवर रात्री दोन्ही दिवे एकदम गेले तर काय होतं याचा विचार करा. एक गेला तर दुसरा राहतो.

एकही जुनी वायर कापू नका. ग्रिलमागे निळ्या वायरींचे बुलेट जोड असतातच. तिथे जुनी गोळी ओढून काढा, तिला नव्या पुंगळीतून रिलेच्या ८६ वर न्या, आणि ८७ वरून येणाऱ्या नव्या २ चौरस मिमी वायरींना गोळ्या लावून दिव्यांच्या बाजूला घाला. उद्या गाडी पुन्हा मूळ रूपात करायची झाली तर पंधरा मिनिटांत होते. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली. त्यात मूळ रूप टिकवण्याची अट चॅसिस, बॉडी आणि इंजिनाबद्दल आहे. रिलेने तिला धक्का लागत नाही. तरी हॉर्निमन सर्कलच्या रॅलीत बॉनेट उघडल्यावर आत डोकावणारे जाणकार असतात, त्यांच्यासाठी रिले रेडिएटरच्या बाजूला, नजरेआड बसवा. बसवताना पाय खाली राहतील असे बसवा, म्हणजे पाणी आत थांबणार नाही.

पॉझिटिव्ह अर्थ गाडीत एक सापळा आहे. काही रिलेंमध्ये कॉइलला समांतर डायोड असतो. तो उलटा जोडला गेला तर थेट शॉर्ट होतो आणि डायोड किंवा स्विच जळतो. रिलेवर छापलेली आकृती पाहा: डायोडचं चिन्ह असेल तर घेऊ नका, नुसती कॉइल किंवा रेझिस्टर असेल तर बिनधास्त घ्या.

सामान कुठलं? रिले, फ्यूज होल्डर आणि ऑटो वायर ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टवाल्यांकडे मिळते. क्रिंपिंगचा चांगला रॅचेटवाला पाना नागदेवीला. लोहार चाळीतली घरगुती वायर स्वस्त पडते म्हणून इथे वापरू नका. तिचं इन्सुलेशन पेट्रोल, तेल आणि इंजिनची उष्णता डोळ्यांसमोर ठेवून केलेलं नसतं. दोन वायरी पिळून वर टेप गुंडाळायची आपल्याकडची सवय तर या गाडीत चालतच नाही. मुंबईच्या उकाड्यात टेपचा डिंक वितळून चिकट काळा लगदा होतो. डाक दिलेला जोडही मला आवडत नाही: डाक जिथे संपतो तिथे वायर कडक होते आणि कंपनाने नेमकी तिथेच तुटते. नीट क्रिंप करा, वर हीट-श्रिंक स्लीव्ह चढवा.

दिव्यांबद्दल माझं मत सनातनी आहे. सात इंची गोल दिवा हा जीप, अँबॅसडर आणि बुलेटचाही, त्यामुळे एच-फोर बल्ब बसणारं चांगलं काचेचं युनिट सहज मिळतं. ते डाव्या बाजूने चालवणाऱ्या देशांसाठीचं आहे ना, एवढं पाहा. अमेरिकेहून आलेल्या गाड्यांत उलटं असतं आणि डिप्पर समोरच्याच्या डोळ्यांत जातो. बल्ब ६०/५५ वॉटचाच. शंभर वॉटचे बल्ब दुकानदार पुढे करतो, पण ते ना कायद्यात बसतात ना जुन्या होल्डरला झेपतात. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घातला तर प्रकाश पसरतो, ओल्या डांबरावर चकाकी वाढते आणि रस्ता दिसतो तो कमीच. रिले बसवल्यावर बल्बवर ११.९ व्होल्ट मिळाले, तेही इंजिन बंद असताना. मित्र म्हणाला, "अरे, ही माझीच गाडी का?"

बॅटरी का बसते: डायनॅमोचं गणित

इथे वायरिंग निर्दोष असलं तरी सुटका नाही, कारण गणितच जुळत नाही. लुकासचा सी-४० डायनॅमो जास्तीत जास्त २२ ॲम्पियर देतो, तेही इंजिन चांगल्या वेगात असताना. आयडलला तो जवळपास काहीच देत नाही. पावसाळ्यातली संध्याकाळ धरा: हेडलाईट १०, साईड-टेल दोनेक, इग्निशन तीन-चार, पेट्रोल पंप एक-दीड, वायपर तीन, ब्रेक लाईट साडेतीन, मधूनमधून इंडिकेटर साडेतीन. बेरीज पंचवीसच्या पुढे जाते. आणि गाडी अंधेरीच्या पुलाखाली पाऊण तास आयडलवर. हा सगळा भार बॅटरी एकटी वाहते. हे गणित १९६२ साली, एमजीबी आली तेव्हा, इंग्लंडातल्या मोकळ्या रस्त्यांसाठी मांडलेलं होतं. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेशी त्याचा संबंध नाही.

उपाय दोन, आणि क्रम महत्त्वाचा. आधी भार कमी करा: टेल, ब्रेक, नंबर प्लेटचा दिवा हे एलईडी करता येतात. लाल काचेमागे लालच एलईडी लावा, पांढरा लावला तर दिवा गुलाबी दिसतो. इंडिकेटरला एलईडी लावाल तर जुना तापण्यावर चालणारा फ्लॅशर काम करणार नाही, इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर लागेल. डायनॅमोच्या चार्जिंग दिव्याचा बल्ब मात्र एलईडी करू नका. पुढे डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर (आयडललाही चार्ज करणारा नव्या पद्धतीचा जनरेटर) बसवलात तर त्याला जागं करणारा सुरुवातीचा करंट याच २.२ वॉटच्या बल्बमधून जातो.

दुसरा उपाय अल्टरनेटर. त्याआधी गाडी निगेटिव्ह अर्थ करावी लागते, आणि हा क्रम चुकला तर अल्टरनेटरचे डायोड तिथल्या तिथे जातात. निगेटिव्ह अर्थ करणं वाटतं तेवढं भयंकर नाही. बॅटरीच्या केबल उलट्या लावा. पॉझिटिव्ह खुंटी जाड असते, त्यामुळे क्लॅम्पही बदलावे लागतात. इग्निशन कॉइलवरच्या दोन वायरींची अदलाबदल करा. रेव्ह काउंटर (इंजिनचे फेरे दाखवणारा मीटर) मात्र उघडून आतली जोडणी बदलून घ्यावी लागते, ते घड्याळजीच्या हाताचं काम आहे, घाई नको. डायलवरच बारीक अक्षरांत पॉझिटिव्ह अर्थ लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. पेट्रोल पंपाला इलेक्ट्रॉनिक सर्किट किंवा डायोड असेल तर तोही तपासा, साध्या पॉइंटवाल्याला फरक पडत नाही.

डायनॅमोच काही दिवस ठेवायचा असेल तर त्याला नवी दिशा शिकवावी लागते. त्याच्या दोन्ही वायरी काढा, बॅटरीच्या गरम खुंटीवरून एक वायर आणून एफ टर्मिनलला क्षणभर दोन-तीनदा टेकवा. ठिणगी उडेल, ती अपेक्षित आहे. वायरी जोडलेल्या असताना हे केलंत तर कटआउटचे (डायनॅमो आणि बॅटरी जोडणाऱ्या-तोडणाऱ्या आपोआप स्विचचे) काँटॅक्ट चिकटतील. पेट्रोलचा वास येत असेल तर त्या दिवशी हे करूच नका.

अल्टरनेटरची मोठी वायर जुन्या ब्राऊन हार्नेसमध्ये घालू नका. ती २२ ॲम्पियरच्या हिशेबाने ओढलेली आहे. नवी जाड केबल थेट सोलेनॉइडच्या बोल्टपर्यंत, वाटेत फ्यूजसह. भारतीय छोट्या गाड्यांचा ३५-४५ ॲम्पियरचा अल्टरनेटर पुरतो. ७० चा बसवून मिरवण्यात अर्थ नाही. बेल्ट जुन्या व्ही आकाराचा असल्याने पुली बदलावी लागते आणि तिन्ही पुल्या एका रेषेत आल्या पाहिजेत, नाहीतर बेल्ट किंचाळतो.

सीटमागच्या दोन ६ व्होल्टच्या बॅटऱ्यांचे पिंजरे खालून उघडे असतात. मिलन सबवेतलं पाणी थेट तिथे. मित्राच्या गाडीत दोघींना जोडणारी केबल आतून पांढरी भुकटी झाली होती. आता एकच १२ व्होल्टची बॅटरी आहे, आणि तिच्या अर्थवर एक कटऑफ स्विच. गाडी उभी केली की तो फिरवायचा. कायम जिवंत असलेल्या, फ्यूज नसलेल्या ब्राऊन वायरींचा विचार करता हा स्विच मी सगळ्यात आधी बसवला असता.

इग्निशनच्या पांढऱ्या सर्किटला रिले लावावा का, असं पुष्कळजण विचारतात. मी लावत नाही. तिथला करंट कमी आहे, आणि रिले बंद पडला तर गाडी जागच्या जागी उभी. हेडलाईटचा एक रिले गेला तर निदान घरी पोचता येतं.

या सगळ्यानंतर मित्राची तक्रार एकच उरली: वायपर अजून संथ आहे. मोटरपाशी चालू असताना १२ च्या वर व्होल्टेज मिळतंय, अर्थही ठीक आहे, त्यामुळे हे वायरिंगचं दुखणं नाही. मोटरपासून वायपरपर्यंत नळीतून जाणारा दातेरी लवचीक रॅक असतो, त्यातलं ग्रीस सुकून मेणासारखं झालंय. रॅक मोटरच्या बाजूने ओढून काढायचा, केरोसीनने धुवायचा, नळीतून चिंधी फिरवायची आणि पातळ ग्रीस लावून परत घालायचा. मे संपायच्या आत.